शिडीवर थांबलेला दर्याराव

वैशाख लागला की आमच्या घरी बियाण्याच्या पिशव्या येऊन पडतात. या वर्षी नातवाने भुईमुगाची आणली. तोंड कापून दाणे घमेल्यात ओतले, आणि मी सवयीने हात घालणार तोच ओरडला, "आजी, हात नको लावूस! औषध चोळलेलं आहे त्याला." बघते तर दाणे गुलाबी भडक. तोंडात टाकला तर माणूस सरळ दवाखान्यात. मला हसूच आलं. नातवाला वाटलं, म्हातारीला ऊन लागलं. म्हटलं, "अरे, असलं बियाणं आमच्या आत्याबाईंना मिळालं असतं ना, तर दर्याराव त्याच वैशाखात फासावर गेला असता."

"कोण दर्याराव?"

घ्या! आता याला कुठून सुरुवात करून सांगू? दर्याराव हा चाचा होता. चाचा म्हणजे समुद्रावर जहाजं लुटणारा. आणि आमच्या या कोरडवाहू साखऱ्यात, जिथे विहिरीला चार हात पाणी असलं तरी माणसं समाधानी असतात, तिथे त्याने एक अख्खा उन्हाळा मुक्काम केला होता. आमच्या दारापुढच्या कडुलिंबाखाली.

ते निजामी राज्याचं शेवटचं वर्ष. शेवटचं आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं म्हणा! जिल्हा तेव्हा परभणी. माझं माहेर रिसोडकडचं, पैनगंगेच्या पलीकडे, वऱ्हाडात. तिकडे आदल्या पावसाळ्यात स्वराज्य आलं होतं, शाळेत पेढे वाटले होते. अलीकडे नव्हतं आलं. उन्हाळ्यात ज्या नदीत बैलाचं खूरही धड भिजत नसे, तिच्या एका काठाला झेंडा आणि दुसऱ्या काठाला करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका, शिपाई, झडत्या. माझं लग्न माघात झालं आणि सतराव्या वर्षी मी स्वराज्यातून उठून निजामीत आले. निरोप देताना वडील म्हणाले, "बाळ, तिकडे जपून बोल." जपून बोलणं मला आजतागायत जमलेलं नाही, तो भाग वेगळा.

माझ्या ट्रंकेत सहा लुगडी, एक तांब्या, आणि लुगड्यांच्या घडीत लपवलेलं एक पुस्तक. चौथीत पहिली आले म्हणून बक्षीस मिळालेलं. पुढची पानं उंदरांनी खाल्लेली, त्यामुळे त्याचं नाव काय आणि लिहिलं कुणी हे मला आजही माहीत नाही. आत जगातल्या नामांकित चाच्यांच्या कथा. काही खऱ्या, काही रचलेल्या, आणि कुठली कोणती हे लिहिणाऱ्याने सांगायची तसदी घेतली नव्हती. एक जण लढाईला जाताना दाढीत जळत्या वाती खोवायचा. एक बाई पुरुषाचे कपडे चढवून जहाजावर गेली होती. आपल्या कोकणातल्या एका सरखेलांवरही प्रकरण होतं. आपण त्यांना आरमाराचे धनी म्हणतो, इंग्रज आपल्या दप्तरात त्यांना चाचा लिहीत. आणि सगळ्यात लांबलचक गोष्ट एका कप्तानाची, जो शेवटी दर्याराव झाला.

सुनेच्या ट्रंकेत पुस्तक! आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ते सापडलं तेव्हा वाटलं, आता माझी धडगत नाही. आत्याबाई म्हणजे घरातली चौकीच. ओसरीत मांजर शिरलं तरी त्यांना विचारून शिरायचं. त्यांनी पुस्तक उलटंसुलटं केलं, आतलं जहाजाचं चित्र पाहिलं, आणि विचारलं, "हे तुला वाचता येतं?"

"येतं."

"मोठ्यानं?"

"हो."

"मग उद्यापासून लिंबाखाली बस. तुला शेंगा फोडायच्या न्हाईत. तोंड चालव."

मला वाटलं, ही थट्टा. थट्टा नव्हती, त्यामागे पक्का हिशोब होता.

पेरणीच्या भुईमुगाचं असं असतं की तो कांडून, बडवून चालत नाही. दाण्याची लाल साल खरचटली तर तो उगवत नाही. म्हणून शेंग शेंग हाताने फोडायची. वैशाखात सात-आठ बाया सकाळपासून सावलीत बसत. शेंगांवर पाण्याचा हबका मारायचा, अंगठ्याने टोक दाबायचं, कट्ट वाजलं की दाणे सुपात, टरफल मागे. टरफलं बाया चुलीला घरी नेत, वर जवारी मिळे. चार दिवसांत अंगठे सोलवटून निघत. आणि वैशाखात घरोघरी कणगी तळाला गेलेली. समोर सुपात टपोरे गोड दाणे. तोंडात टाकू नये तर काय करावं माणसाने?

आत्याबाईंचं म्हणणं, खाल्लेला एक दाणा म्हणजे न उगवलेलं एक झाड. खोटं नव्हतं ते. पण भुकेल्या बाईला हे कसं सांगणार? त्यांनी सांगितलंच नाही कधी. त्यांनी गोष्ट लावून दिली होती. आमच्याकडे गोष्टीला हुंकार लागतो. सांगणारा थांबला की ऐकणाऱ्यांनी "हूं" म्हणायचं, मग पुढचं. हुंकाराशिवाय गोष्ट पुढे न्यायची नाही. तशी नेली तर भुताला सांगितल्यासारखी होते, असं समजत. बाया ओळीने हूं देत आणि आत्याबाई डोळे मिटून ऐकत. ज्या तोंडात दाणा असेल त्यातून "हूं" निघत नाही, "ऊंब" निघतं. लगेच आत्याबाई डोळे न उघडता म्हणत, "जनाबाई, पानी पे. घास अडकला." बस, एवढंच. जनाबाई लाजेने लाल. शिवी नाही, भांडण नाही. इतकी वर्षं गोष्टी सांगायला एक म्हातारी होती, ती त्या थंडीत गेली. जागा रिकामी होती, ती माझ्या बक्षिसाने भरली.

पहिल्या दिवशी मी पुस्तक उघडलं. "एक अथांग समुद्र होता," असं वाचलं आणि थांबले. हुंकार नाही. सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. समुद्र म्हणजे नेमकं काय, हेच ठरेना. मी तरी कुठे पाहिला होता? पूर आलेल्या पैनगंगेला दुसरा काठच नाही असं समजा, असं मी सांगू लागले, तेव्हा जैनबबी पुढे सरकली. जैनबबीचा नवरा पिंजारी, गाद्या भरायचा. तिचे सासरे हजला जाऊन आले होते. गावात समुद्राबद्दल बोलायचा हक्क फक्त तिला.

"खारा पानी," ती म्हणाली. "एक चुल्लू बी पीने को नक्को. इत्ता पानी, इत्ता पानी, और पिऊ मन्ले तर एक थेंब न्हाई. ससरे बोलते थे, जहाज पे पानी का मटका कुलुप लगा के रखते."

"अगं बाई!" सगळ्या कळवळल्या. पाण्यात बसून तहानेने मरायचं! त्या क्षणापासून चाच्यांबद्दल बायांच्या मनात जी दया शिरली ती शेवटपर्यंत निघाली नाही. पाण्याचे हाल काय असतात हे साखऱ्याच्या बाईला शिकवावं लागत नाही. हूं! आठ जणींचा हुंकार एकदम आला.

मग गोष्ट सुसाट सुटली. कप्तानाचं विलायती नाव माझ्याच जिभेवर बसेना. तेव्हा आत्याबाईंनी हुकूम सोडला, "त्याला काही बरं नाव ठेव," आणि तो दर्याराव झाला. त्याच्या जहाजावरच्या काळ्या निशाणावर कवटी आणि दोन हाडं होती. मी ते जरा भिववून वाचलं. कुणी भ्यालं नाही. उभ्या पिकात काळं मडकं टांगतात, पांढरे डोळे काढून, तसं हे, असं सगळ्यांनी एकमताने ठरवलं. "नजर लागू नये म्हणून," जनाबाई म्हणाली. "एवढं नवं जहाज, दृष्ट लागंल का न्हाई?" दर्यारावाने बेटावर सोन्याची पेटी पुरली, त्यावर तर मोठा वादच झाला. पुरायचं ते जवारीचं पेव. सोनं पुरून काय करायचं, पावसाळ्यात उकरून भाकरी होते का त्याची? पुरुषी कपड्यांत जहाजावर गेलेल्या त्या बाईबद्दल ऐकून सगळ्यांचे हात थांबले.

"अन् तिच्या सासूनं जाऊ देल्लं?" एकीने विचारलं.

"सासू असती तर गेलीच नसती," आत्याबाई म्हणाल्या. पण त्या दिवशी जेवताना त्यांनी मला दोनदा विचारलं, "परत आली का गं ती?"

आज विचार करते तेव्हा वाटतं, ही माणसं काही साधू नव्हती. दाढीत वाती खोवणाऱ्याने कितीकांचे गळे कापले असतील. ज्यांची जहाजं लुटली गेली त्यांच्याही घरी बायका वाट पाहत असणारच. मग जगभर लोकांना चाचे का आवडतात? मला वाटतं, ज्याला कुठल्याच काठावर पाय टेकायला जागा नाही, अशा माणसाची गोष्ट ऐकताना आपण आधी तो जेवला का, हे विचारतो. त्याने काय केलं ते मागाहून. निदान आमच्या लिंबाखाली तरी हाच क्रम होता.

त्या बायांत गया होती. वीस-एकवीस वर्षांची, सावळी, कमी बोलणारी. तिचा हुंकार सगळ्यात शेवटी यायचा आणि सगळ्यात स्पष्ट. तिच्या तोंडात दाणा कधी नसे. तिचा नवरा किसन दिवाळीनंतर नदीपलीकडे गेला होता. पलीकडे निजामाविरुद्ध लढणाऱ्या मुलांचे तळ पडले होते. ती मुलं अंधारातून येत, नाके जाळत, कागद पेटवत, हाती लागेल ते घेऊन परत जात. त्या मुलांना पलीकडे टाळ्या मिळत. अलीकडे दवंडी पिटली जाई, की हे लुटारू आहेत, यांना जो भाकर देईल तोही लुटारू. गयेच्या दाराला शिपाई दोनदा येऊन गेले होते. त्यामुळे लोक तिला टाळत. तिला कामावर ठेवलं होतं ते फक्त आत्याबाईंनी, आणि का ठेवलं असं विचारायची कुणाची छाती नव्हती.

दर्यारावाची हकिगत अशी, की तो आधी चोर नव्हताच. त्याच्या राजाने त्याला शिक्क्याचा कागद दिला होता, शत्रूची जहाजं धर म्हणून. त्याने धरली. मग राजाचं आणि शत्रूचं गूळपीठ झालं, कागद देणारे लोक म्हणाले, कसला कागद? आणि दर्याराव एका दिवसात चाचा ठरला. मी हे वाचलं तेव्हा गयेने हूं दिला नाही. शेंग हातात तशीच धरून म्हणाली, "म्हंजे मानूस तोच. कागद फिरला."

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या.

त्यानंतर गया रोज येताच पहिलं विचारायची, "वयनी, जिता हाय न्हवं?" मी म्हणायची, "आहे गं." मग ती सूप ओढून घ्यायची. ती दर्यारावाबद्दल विचारत नव्हती हे सगळ्यांना कळत होतं, आणि मी पटकन पुस्तकात मान घालायची. कारण मी पुस्तक चार वेळा वाचलेलं होतं. दर्याराव शेवटी पकडला जातो आणि फासावर चढतो, हे त्या लिंबाखाली मला एकटीला माहीत होतं.

बदलून वाचीन, असं मी मनाशी ठरवलं होतं. एकदा करूनही पाहिलं. दर्यारावाचा धाकटा भाऊ तापाने जहाजावर मरतो, ते पान मी गाळलं आणि तो बरा झाला असं आपल्या मनाने सांगितलं. सगळ्यांनी हूं दिला. दुपारी घरी जाताना गया माझ्याजवळ आली. "वयनी, तो पोरगा मेला न्हवं?"

"कशावरून?"

"तुमचे डोळे थांबले आन् तोंड चालून राहिलं. खोटं नका वाचू. खोट्याला हुंकार देला तं तो वाया जातो."

मी शरमेने मान खाली घातली. मला वाचता येत होतं आणि तिला येत नव्हतं, पण मला मात्र ती पुस्तकासारखी वाचत होती.

मग एक दिवस चौकीतला शिपाई आला. चाळिशीचा, धुळीने माखलेला, घामाघूम. गयेकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं. "क्या पढ़ रहे जी?" मी पानावर पदर ओढला. बंडाची पुस्तकं, पत्रकं सापडली म्हणून माणसं धरून नेत. जैनबबी मात्र शेंगा फोडत राहिली. "समंदर के चोरां की कहानी है, भाई. बैठो, पानी पिओ." तो रांजणाजवळ बसला. मी वाचू लागले, दुसरं काय करणार! दर्यारावाच्या जहाजाला वादळाने घेरलं होतं, डोलकाठी मोडली होती. मी थांबले. बायांच्या तोंडून भीतीने हुंकार फुटेना.

"फिर?" शिपाई म्हणाला.

"हूं म्हना," आत्याबाई त्याला शांतपणे म्हणाल्या. "हूं म्हटल्याबिगर पुढं न्हाई."

बंदूक गुडघ्यावर ठेवलेला तो माणूस बायांकडे बघून ओशाळला आणि हळूच म्हणाला, "हूं." जहाज वादळातून निघेपर्यंत तो बसला. गयेला काही न विचारता गेला. त्यालाही कुठेतरी घर असेल, गोष्टी सांगणारी आई असेल, असं माझ्या मनात आलं. भीती मात्र गेली नाही.

आठ दिवसांनी तो परत आला. बसला नाही. पाणी प्यायला, आणि रांजणाकडे तोंड करून जैनबबीला पुटपुटत काहीतरी सांगून गेला. जैनबबीने सूप खाली ठेवलं. लपवून काय होणार होतं? तिने गयेचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "किसन को पकड़े. नदी में. बड़े तुरुंग में है. जिंदा है, मां, जिंदा है." मग थांबून, "फांसी की बात चल रही है, बोला वो."

गया रडली नाही. तिने उरलेल्या शेंगा फोडल्या, टरफलं पदरात बांधली आणि गेली. मीच घरात जाऊन उतरंडीमागे बसून हमसून हमसून रडले. दर्यारावाच्या गोष्टीची तीन पानं उरली होती.

सकाळी मी आत्याबाईंचे पाय धरले. "आज दुसरं काही वाचते. पुढचं चांगलं नाही."

त्यांनी मला उठवलं. "तिला इचार," म्हणाल्या.

गया नेहमीच्या वेळेला आली होती. डोळे सुजलेले, वेणी घट्ट. आज तिने "जिता हाय न्हवं" असं विचारलं नाही. मी म्हटलं, "गया, आज सरखेलांची गोष्ट वाचू का? छान आहे."

"न्हाई. दर्यारावाचीच वाचा. आन् खरी वाचा."

मी वाचू लागले. दर्यारावाला बेड्या घालून शहरात आणलं. हूं. कचेरीत त्याने शिक्क्याचा कागद मागितला, कागद सापडला नाही. हूं. त्याला नदीकाठच्या फाशीच्या खांबाकडे चालवत नेलं, लोक जत्रेला यावेत तसे जमले होते. हूं, पण बारीक. माझ्या हाताच्या घामाने पान ओलं झालं होतं. "खांबाला शिडी लावली होती," मी वाचलं. "दर्यारावाने पहिल्या पायरीवर पाय ठेवला."

आणि थांबले.

हुंकार आला नाही. मी मान वर केली. गया माझ्याकडे बघत होती. तिने सुपातले पाच-सहा दाणे उचलले, सगळ्यांच्या देखत तोंडात टाकले आणि चावायला लागली. त्या पोरीने अख्ख्या हंगामात एक दाणा खाल्ला नव्हता. जैनबबीने तिच्याकडे पाहिलं आणि मूठ भरून तोंडात टाकली. मग जनाबाईने. मग एकेक करत सगळ्यांनी. आठ बाया गच्च भरल्या तोंडाने चावत बसल्या. कुणाच्या तोंडातून हूं निघणं शक्यच नव्हतं.

राहिल्या आत्याबाई. त्यांचं तोंड रिकामं होतं. त्यांनी एक हूं म्हटलं असतं तर नियमाने मला पुढचं वाक्य वाचावं लागलं असतं, आणि ते वाक्य मला तोंडपाठ होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचं बियाणं खाल्लं जात होतं. वाटलं, आता ही बाई उठणार आणि एकेकीला हाकलून देणार. त्यांनी गयेचं सूप आपल्याकडे ओढलं. निवडून निवडून टपोरे दाणे घेतले, जे त्या स्वतःच्या लेकरांनाही देत नसत, आणि तोंडात भरले. त्या चावत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

बराच वेळ लिंबाखाली नुसता चावण्याचा आवाज होता. मग आत्याबाईंनी गिळलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "हुंकार न्हाई. मिट ते पुस्तक."

मी मिटलं.

त्यानंतर त्या हंगामात गोष्ट झाली नाही. तीन पोती शेंगा उरल्या होत्या, त्या बायांनी मुकाट्याने फोडल्या. गंमत म्हणजे पाळत नसताना एकीनेही दाणा तोंडात टाकला नाही. मृगावर बियाणं जरा कमी पडलं. सासऱ्यांनी विचारलं, तर आत्याबाई म्हणाल्या, "उंदरं फार झाली औंदा. तास विरळ धरा."

पावसाळा गेला तो कानात प्राण आणून. बाजाराला पुसेगावी गेलेला माणूस परतला की गया त्याच्या वाटेत उभी. काही कळायचं नाही. मी तिला दिसले की ती एकच विचारी, "शिडीवरच हाय न्हवं अजून?" मी म्हणे, "पहिल्या पायरीवर." हे खोटं नव्हतं. हुंकाराशिवाय गोष्ट पुढे जात नाही.

भाद्रपदात भारताची फौज आली आणि चार-पाच दिवसांत राज्य पालटलं. तुरुंगांची दारं उघडली. एका दुपारी हाडांचा सापळा झालेला, दाढी वाढलेला एक माणूस गयेच्या मागोमाग आमच्या अंगणात आला आणि आत्याबाईंच्या पाया पडला. आत्याबाईंनी त्याला खालवर पाहिलं. "आला का गं तुझा दर्याराव? उतरला का शिडीवरून?" बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, रडत होत्या, आणि किसन बावचळून सगळ्यांकडे बघत होता. मी आत जाऊन गूळ आणला, आणि सुपातले शेंगदाणेही. आत्याबाईंनी स्वतः मूठ भरून त्याच्या हातावर ठेवले.

मात्र तो पालटही साधा नव्हता. काल जे भीत होते ते आज भेववायला निघाले. जैनबबीच्या आळीत दारं दिवसासुद्धा बंद राहू लागली. किसन घरी आला तो दोन दिवससुद्धा धड निजला नाही. जैनबबीच्या उंबऱ्यावर जाऊन बसला, काठी आडवी ठेवून. गया तिथेच भाकर नेऊन देई. महिना दीड महिना बसला. तो शिपाई कुठे गेला, त्याचं काय झालं, हे मात्र कधीच कळलं नाही. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

पुढे काय, संसार. आत्याबाई गेल्या, जैनबबी गेली, लिंब वादळात पडला. शेंगा फोडायची यंत्रं आली, मग पिशवीतलं बियाणं आलं. किसनला सरकारकडून सन्मानाचा कागद मिळाला तेव्हा गया मला म्हणाली, "पुन्यांदा कागद फिरला, वयनी." त्याने तो कागद भिंतीला लावला आणि जन्मभर दुसऱ्याची नि स्वतःची शेती करत राहिला. पुस्तक माझ्या ट्रंकेत होतं. लेकीसुनांनी, नातवंडांनी वाचायला मागितलं, मी दिलं नाही. उगीच कुणीतरी शेवटपर्यंत वाचून मोकळं व्हायचं.

यंदा चैत्रात किसन गेला. पंचाहत्तरीचा होता. जेवला, हात धुतला, बाजेवर टेकला आणि गेला. आपल्या घरात, आपल्या माणसांत. तेरावं झालं, आणि परवा, नातू बियाणं घमेल्यात ओतून गेला त्याच दुपारी, काठी टेकत गया आली. ओसरीवर बसली, पाणी प्यायली. गुलाबी दाण्यांकडे बघून तोंड वाकडं केलं. मग म्हणाली, "वयनी, ते पुस्तक हाय का?"

"आहे."

"आता वाचा."

"राहू दे गं. कशाला आता?"

"लई वर्सं उभा केला बिचाऱ्याला शिडीवर. पाय दुखले असतीन त्याचे." ती हसली. "आता काय भेव न्हाई. वाचा."

मी ट्रंक उघडली. पान पिवळं पडलं होतं, माझ्या घामाचा डाग तसाच होता. चष्मा लावला तरी अक्षरं दिसेनात. चष्म्याचा दोष नव्हता तो. तीन वेळा सुरुवात केली आणि तीन वेळा चष्मा पुसला. शेवटी वाचलं. दर्याराव शिडी चढला. त्याने एकदा समुद्राच्या दिशेने पाहिलं. मग त्याच्या गळ्यात दोर घातला आणि शिडी काढून घेतली.

मी थांबले, आणि मान वर केली.

गयेच्या तोंडात दाणा नव्हता. दातही नव्हते. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, तेव्हासारखंच स्वच्छ ती म्हणाली, "हूं."